मुरवायचा राहिलेला गडी

शेवटच्या पाटीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्या माणसांची तोंडे दिसत नाहीत. त्याला दिसतात त्या पाठी. एकामागे एक आठ पाठी, उन्हाने काळवंडलेल्या, घामाने चकाकणाऱ्या, आणि त्यांच्या पलीकडून आपल्याकडे बघत येणारे शत्रूचे चेहरे. आट्यापाट्यांत जो कधी शेवटच्या पाटीवर उभा राहिला आहे त्याला हे सांगायला नको.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपाट जमिनीवर राखेने आडव्या नऊ रेघा आखतात. त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक गडी. त्याने आपली पाटी सोडायची नाही, तिच्यावरच हात पसरून डावीउजवीकडे धावायचे. समोरच्या बाजूचे गडी एकेक पाटी ओलांडत पुढे येतात. ज्याला हात लागला तो बाद. सगळे बाद झाले की बाजू बदलायची. इतर गावांत सगळ्या पाट्या ओलांडून पुन्हा परत यावे लागते म्हणे. आमच्या ठाण्याच्या खाडीकाठी तसे नव्हते. आमच्याकडे शेवटच्या पाटीमागे मिठाचा ढीग घालत. ज्या गड्याने त्यातले मूठभर मीठ उचलून ‘लोण’ अशी आरोळी दिली, त्याची बाजू जिंकली. खेळ तिथेच संपला. पुढच्या आठांच्या चुका शेवटच्याने झाकायच्या. शेवटच्याची चूक झाकायला मागे कोणी नसते, मीठ असते.

माजिवड्याच्या पलीकडे खाडीला लागून आमचे गाव. सगळे गाव मिठागरावर राबणारे. दर शिमग्याला आमचा सामना कल्याणच्या बंदरावरच्या हमालांशी होई. एक वर्ष ते मचव्यातून आमच्याकडे येत, एक वर्ष आम्ही त्यांच्याकडे जात असू. हा सामना कोणी सुरू केला, कशावरून केला, ते कोणाला ठाऊक नव्हते. पण त्या दिवशी जो हरेल त्या गावाला पुढचे वर्षभर बाजारात, लग्नात, मयतातसुद्धा ऐकून घ्यावे लागे.

आणि ऐकून घेण्याचीच तर मुख्य गोष्ट होती. कल्याणचे हमाल पायांनी खेळत त्याहून अधिक तोंडाने खेळत. पाटीसमोर येऊन एकेक जण असे काही बोले की पाटीवरच्या माणसाचे डोके फिरे, त्याचा हात रागाने लांब जाई आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने कोणी निसटे. पुढच्या पाट्यांवर हे चालून जाई. शेवटच्या पाटीवर नाही. म्हणून आमच्या गावाने त्यावर उपाय काढला होता. त्याला आमच्यात ‘माणूस मुरवणे’ म्हणत.

होळीसाठी लाकडे जमवायला लागले की शेवटच्या पाटीचा गडी ठरे, आणि त्या दिवसापासून सामन्यापर्यंत सारे गाव त्याला टोचून बोले. सारे म्हणजे सारे. विहिरीवरच्या बाया, बांधावरचे म्हातारे, त्याची स्वतःची बायको, सासूसुद्धा. त्याने एक शब्द उलट बोलायचा नाही, हसायचे नाही, मान खाली घालायची नाही. जेवायला बसला की कोणीतरी दारातून ओरडायचे, वाकून फावडे मारीत असला की मागून चिखलाचा गोळा यायचा. सामन्याच्या दिवशी तो कल्याणच्या हमालांसमोर उभा राही तेव्हा त्याच्या कानांना सगळे शब्द जुने झालेले असत. लोणच्याची फोड जशी मिठाने आतपर्यंत भरून जाते आणि मग तिला काही होत नाही, तसे.

माझा काका कित्येक वर्षे शेवटची पाटी धरत असे. आईबाप माझ्या लहानपणीच गेले, मला काकानेच वाढवले. त्याला मुरवताना मी पाहिले आहे. सकाळी तो विहिरीवरून जाऊ लागला की कोणीतरी म्हणे, “अगो, याच्या टांगा बग. मधनं आमची म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन जाईल, टोपली पन लागनार नाय.”

दुसरी म्हणे, “टोपली कशाला, म्हस जाईल. आनि म्हशीमागं हिचा नवरा.”

काकू तर घरातूनच सुरुवात करी. “तुमी कसली पाटी धरनार. रातीला मांजर आलं नि परत गेलं, तुमाला समजला नाय. भाकर तेवढी आठवनीनं धरता.”

काका शांतपणे भाकर खात असे. पण मला आठवते, त्या दिवसांत त्याची पाठ ताठ असे आणि तो इतर वेळेपेक्षा सुखी दिसे. इतक्या माणसांनी आपल्यासाठी रोज उठून काहीतरी नवे शोधून आणावे, ही लहान गोष्ट नाही. हे मला तेव्हा कळले नव्हते. पुढे कळले.

आता माझ्याविषयी. मी बी.ए. आहे. हे मी लपवत नाही आणि लाजत सांगतही नाही. मिठाच्या चौकीवरच्या एका कारकुनाने मला अक्षरे शिकवली, ठाण्याच्या शाळेने मॅट्रिक केले आणि मुंबईच्या कॉलेजात मी दुसऱ्यांची पुस्तके उसनी वाचून परीक्षा दिल्या. आमच्या लोकांत माझ्याआधी कोणी सहीसुद्धा करत नव्हते. मला कोणी हात धरून वर ओढले नाही. ही पदवी माझी आहे.

परीक्षेच्या वेळी मन कसे ताब्यात ठेवायचे हे मी माझे मीच शोधून काढले होते. युनिव्हर्सिटीच्या त्या मोठ्या दालनाबाहेर पहिल्या वर्षी मी उभा राहिलो तेव्हा पाठ केलेले काही आठवत नव्हते. भोवतालची मुले एकमेकांना विचारून घेत होती. त्यांचे बाप, भाऊ सोडायला आले होते. माझ्याशी बोलायला कोणी नव्हते, म्हणून मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात आमची उघाडी उघडली. उघाडी म्हणजे बांधातली फळी, जी भरतीला वर ओढून खाडीचे पाणी आत घेतात. पाणी पहिल्या वाफ्यात आले. तो भरू दिला. मग दुसऱ्यात सोडले. मग तिसऱ्यात. घाई केली तर बांध फुटतो, म्हणून घाई करायची नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी स्थिर झाले तेव्हा घंटा वाजली आणि पाठ केलेले सगळे जागेवर आलेले होते. त्यानंतर प्रत्येक परीक्षेआधी मी तेच केले आणि एकदाही नापास झालो नाही.

बी.ए. झाल्यावर मला ठाण्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. नौपाड्यात एक खोली घेतली. शेजारी सारे शिकलेले, कचेऱ्यांत जाणारे. माझ्याशी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. समोरासमोर ‘काय मास्तर, ऊन फार आहे’ एवढे बोलणे रोज होई. पण सणाला पाने वाढली जात तेव्हा मला कोणी बोलावत नसे, आणि मी पाणी मागितले तर ते पेल्यातून न येता वरून ओंजळीत येई. मी एकदा प्यालो. पुन्हा मागितले नाही.

तेव्हा दर रविवारी मी गावी चालत जाई. तिथेही काहीतरी झाले होते. मी दिसलो की बांधावरचे बोलणे थांबे. कोणीतरी पळत जाऊन बाज आणी, तिच्यावर स्वच्छ घोंगडी घाली आणि मला एकट्याला बसवी. बाकी सारे खाली, जरा अंतरावर. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादूस म्हणतो, तो लहानपणी मला ज्या नावाने हाक मारी ते इथे लिहिण्याजोगे नाही. तोसुद्धा आता माझ्यासमोर तंबाखू लपवू लागला होता. माझे लग्नही जमत नव्हते. गावातले मुलीचे बाप म्हणत, “मास्तरला आमची पोर काय शोबनार.” नौपाड्यात तर तो प्रश्नच नव्हता.

त्या वर्षी माघात काका बांधावरून घसरला आणि त्याचा गुडघा फिरला. शेवटची पाटी कोण धरणार याची बोलणी सुरू झाली. मी बाजेवर बसलो होतो. माझे हात लांब आहेत. कॉलेजात जाण्याआधी सरावाच्या खेळांत मी काकाच्या जागी उभा राहात असे. मी म्हणालो, “मी धरतो.”

एक म्हातारा घसा साफ करून म्हणाला, “मास्तर, तुमाला शालेतनं सुटी गावंल का?”

“घेतो.”

“उनात उबं र्‍हावं लागंल.”

“मी याच उन्हात जन्मलोय.”

काकाने माझ्याकडे बघितले. तो कमी बोलणारा. “धरू दे,” म्हणाला. मग ठरले.

खरे सांगतो, मला सामना जिंकायचा होता, पण त्यासाठी मी ती पाटी मागितली नव्हती. मला मुरायचे होते. विहिरीवरच्या बायांनी माझ्या टांगांना नावे ठेवावीत, दादूसने मागून चिखल मारावा, म्हाताऱ्यांनी माझ्या सात पिढ्यांची अक्कल काढावी, एवढेच मला हवे होते. ते झाले की मी पुन्हा त्यांचा झालो, असा माझा हिशेब होता. मी शाळेतून रजा घेतली आणि कोट, पागोटे खोलीत खुंटीला ठेवून गावी राहायला आलो.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम विहिरीवरून गेलो. लांबून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी वळणावर दिसलो आणि हसणे थांबले. त्यांनी पदर डोक्यावर ओढले. एकीने आपली घागर बाजूला सरकवून मला वाट दिली. मी तिथे घुटमळलो. तोंड धुतले, पाय धुतले, पुन्हा तोंड धुतले. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, पानी काढून देऊ का?”

मी नको म्हणालो आणि निघालो. मी पुरेसा लांब गेल्यावर हसणे पुन्हा सुरू झाले. ते माझ्यावर नव्हते, त्यांच्या आधीच्याच गोष्टीवर होते.

असेच दिवस गेले. मी मिठागरावर फावडे हातात घेतले की कोणीतरी ते काढून घेई. जेवायला बसलो की काकू माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढी आणि डोळे पुसल्यासारखे करी. माझ्या पाठीवर कोणी चिखल मारला नाही. काका दारात पाय लांब करून बसलेला असे. एकदा त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडले, बहुतेक काहीतरी बोलणार होता. मग बाहेरून कोणी आले आणि त्याने तोंड मिटले.

शेवटी मी दादूसला गाठले. तो उघाडीजवळ चिखल थापत होता.

“दादूस,” मी म्हणालो, “सामना चार दिवसांवर आला. मला अजून कोणी काही बोललं नाही.”

“काय बोलायचा?”

“काकाला बोलायचे ते. तू काढ सुरुवात. बाकीचे तुझं बघून बोलतील.”

तो कसनुसा हसला. “तुमाला कसा बोलू?”

“पूर्वी बोलायचास ना.”

“तवा बोलायचो. तवा तुमी मास्तर नवता.”

“समज की मी मास्तर नाही.”

त्याने चिखलाचे हात पाण्यात बुडवून धुतले, नीट उभा राहिला, धोतर सारखे केले. मग माझ्याकडे बघत, शाळेत मुले कविता म्हणतात तसा म्हणाला, “तुमी... गारव हायेत.”

गारव म्हणजे गाढव. “आणखी?” मी विचारले.

“तुमचं पाय... जरा बारीक हायेत.” आणि लगेच, “पन तसं काय नाय, मास्तर. चांगलं हायेत पाय.”

आम्ही दोघेही खाली बघू लागलो. मग तो म्हणाला, “मना जमत नाय. माजी पोरं बगा, आता शालेत जातात. मी घरी सांगतो त्यांना, मास्तरसारकं व्हा. नि सकाली उटून तुमाला गारव बोलू? पोरं काय बोलतील?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याच्या जागी असतो तर मलाही जमले नसते.

तेव्हा मी ठरवले की आपली तयारी आपणच करावी. मला ती करता येत होती. संध्याकाळी मी मिठागराच्या टोकाला जाऊन बसे, डोळे मिटे आणि मनात एकेक वाफा भरे. मग त्या स्थिर पाण्यावर कल्याणचे गडी आणी. एक डावीकडून, एक उजवीकडून. ते काय बोलतील ते मीच त्यांच्या तोंडी घाली. मला येत असलेल्या सगळ्या शिव्या मी स्वतःला दिल्या. पण आपणच आपल्याला दिलेली शिवी म्हणजे आपणच आपल्याला गुदगुल्या करण्यासारखे आहे. काही होत नाही. एकदा डोळे उघडले तर थोड्या अंतरावर दादूस पोरांना दटावत होता, “गलबला नका करू. मास्तर अब्यास करतंय.”

सामना त्या वर्षी कल्याणला होता. भरतीच्या पाण्यावर आमचे दोन मचवे निघाले. एरवीच्या वर्षी या प्रवासात शेवटच्या पाटीच्या गड्याला सगळ्यांत जास्त बोलून घेत, तो मुरवण्याचा शेवटचा हात असे. यंदा मला डोलकाठीच्या सावलीत बसवले होते. मचव्यात एवढी शांतता होती की वल्ह्यांचे पाणी ऐकू येत होते. मधेच कोणीतरी म्हणाले, “पानी चांगला हाय यंदा.” दुसरा म्हणाला, “हाय.” बस.

कल्याणच्या बंदरामागे मोकळी जमीन होती. लोक जमले होते. आम्ही कपडे उतरवले. लंगोट लावून, अंगाला राख फासून मी शेवटच्या पाटीवर जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे मिठाचा ढीग. माझ्यापुढे आठ पाठी. काका गुडघ्याला फडके बांधून कडेला बसला होता. मी मनातली उघाडी उघडली. पाणी आले, सरळ आले, वाफ्यामागून वाफा भरला. मी शांत होतो. ही बढाई नाही. त्या दिवशी माझे मन माझ्या ताब्यात होते.

पहिले दोन डाव माझ्यापर्यंत आलेले सगळे गडी मी टिपले. एकाला तर पाठ फिरवता फिरवता बोटाच्या टोकाने गाठले. ते माझ्यासमोर येऊन काय काय बोलले ते मी ऐकले आणि ते माझ्यावरून पाण्यासारखे गेले. साधेच होते. माझ्या बापाविषयी, माझ्या काळ्या रंगाविषयी. आमचीही लोणे त्यांनी अडवली होती. दोन्ही बाजू कोऱ्याच. कडेला काका हळूच मान डोलवत होता.

तिसऱ्या डावात एक लुकडा हमाल पुढे आला. कानात बाळी, कपाळावर ओझ्याच्या दोराचा वळ. आठवी पाटी त्याने सहज ओलांडली आणि माझ्यासमोर येऊन चक्क उभा राहिला. धावेना. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने मला खालपासून वर न्याहाळले, जसा एखादा माणूस बाजारात बैल बघतो.

“काय रे ए सुकटीच्या काडी,” तो म्हणाला, “हात कशाला पसरलेस? दोरीवर वाळत घातलाय काय तुला?”

मी डावीकडे सरकलो. तोही सरकला.

“तुझ्या आईनं तुला मिठात घालून ठेवला नि काढायचा विसरली. बघ, बरगड्या मोजतो. एक, दोन... ही तिसरी तर उसनी आणलेली दिसते. परत कर रे, कोणाची तरी असेल.”

त्याच्या मागे हशा झाला. आणि मला काय झाले ते सांगतो. मला राग आला नाही. अपमान वाटला नाही. छातीत काहीतरी ऊन ऊन झाले. हा माणूस मला बघत होता. माझ्या बरगड्या, माझे हात, माझी काटकुळी उभी राहण्याची तऱ्हा, हे सगळे त्याने नीट बघून, वेळ काढून, माझ्यासाठी शब्द जुळवले होते. कितीतरी वर्षांत कोणी माझ्याशी असे बोलले नव्हते. माझ्या तोंडावर हसू आले. मी ते दाबले नाही, मला दाबावेसे वाटले नाही.

तेवढ्यात तो माझ्या उजव्या हाताखालून गेला.

मी वळलो तेव्हा तो ढिगावर गुडघे टेकून बसला होता. मूठ वर, मुठीतून मीठ गळत होते. “लोण,” तो ओरडला, आणि सगळी कल्याणची बाजू ओरडली.

मी पाटीवरच उभा राहिलो. हरलेल्या शेवटच्या गड्याचे आमच्यात काय होते ते मला ठाऊक होते. काका एका वर्षी हरला होता तेव्हा आमचेच लोक त्याच्यावर धावून गेले होते, त्याच्या डोक्यावर राख ओतली होती, आणि परतीच्या वाटेवर मचवा हसण्याने हलत होता. घरी पोचेपर्यंत हरल्याचे दुःख कोणाला उरले नव्हते.

आठही पाठी वळल्या. आता मला त्यांची तोंडे दिसली. ते माझ्याकडे आले. दादूस सगळ्यांत पुढे होता. मी डोके थोडे खाली घातले, राखेसाठी.

त्याने माझ्या अंगावर पंचा टाकला. “बसा, मास्तर,” तो म्हणाला. “दमला असाल.”

कोणीतरी शहाळे आणले. कोणी म्हणाले, “ऊन फार होता.” कोणी म्हणाले, “सवय नाय र्‍हात.” काका लंगडत आला, माझ्याजवळ उभा राहिला आणि मिठाच्या ढिगाकडे बघत म्हणाला, “चांगला धरलास. होतो असा.” तो खोटे बोलत होता, आणि त्याने माझ्याशी खोटे बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

परतताना मला पुन्हा डोलकाठीच्या सावलीत बसवले. मी का हरलो ते मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर ते म्हणाले असते, “हाव, मास्तर, तसा होतो.”

पुढे रजा संपली, मी नौपाड्यात परत आलो, शाळा सुरू झाली. पण तो हमाल माझ्या डोक्यातून जाईना. वर्गात मुले पाढे म्हणत असली की मला ती तिसरी, उसनी बरगडी आठवे आणि एकट्यालाच हसू येई. एका रविवारी मी गावाकडे न जाता आगगाडीत बसून कल्याणला गेलो. त्याला भेटून काय करायचे हे मी ठरवले नव्हते. वाटले, बसू, दोन शब्द बोलू. तो मला काहीतरी बोलेल, मीही त्याला काहीतरी बोलेन. त्याच्या बाळीविषयी मी गाडीत काही जुळवूनही ठेवले होते.

शाळेत जाण्याचाच कोट अंगात होता, डोक्याला पागोटे. दुसरे बरे कपडे माझ्याजवळ नव्हते.

बंदरावर तांदळाची पोती उतरत होती. तो लगेच दिसला. पाठीवर पोते घेऊन फळीवरून उतरत होता. मी वाटेत उभा होतो. त्याने पोते टाकले, घाम पुसला आणि मला बघून बाजूला झाला.

“तुझ्याकडेच आलो,” मी म्हणालो.

“माझ्याकडे?”

“शिमग्याला आट्यापाट्या झाल्या. मिठागरवाल्यांशी. शेवटच्या पाटीवर मी होतो.”

त्याला आधी कळले नाही. मग तो माझ्या कोटाकडे, पागोट्याकडे बघू लागला आणि हळूहळू त्याच्या तोंडाचा रंग बदलला. आजूबाजूचे हमाल पोती ठेवून जवळ आले.

“साहेब,” तो म्हणाला, “खेळाच्या भरात माणूस बोलतो. मला कोणी सांगितलं नाही की तुम्ही...”

“मी तक्रार घेऊन आलो नाही.”

“नाही साहेब.”

“तू जे बोललास ते मला आवडलं. खरंच. पुन्हा बोल बघू, काय म्हणालास ते. बरगड्यांचं.”

मला वाटले होते तो हसेल. तो मागे सरकला. माझ्या तोंडून ते कसे ऐकू आले असेल हे मला बोलून गेल्यावर समजले. कोट घातलेला माणूस बंदरावर येऊन, चार साक्षीदारांदेखत, ‘पुन्हा बोल’ म्हणतो, याचा अर्थ गरीब माणूस एकच लावतो.

“मी काही बोललो नाही, साहेब,” तो म्हणाला.

“अरे, मी तिथे होतो.”

“दुसरा कोणी असेल.”

एक पांढऱ्या मिशीचा हमाल पुढे झाला. “साहेब, हा बोलणारा नाही. याची बायको सांगेल, घरी याचा आवाज ऐकला नाही कोणी. गाय आहे गाय.”

“लग्नातसुद्धा बोलला नाही,” दुसरा म्हणाला. “भटजींनी याच्याऐवजी आम्हाला विचारलं.”

तो खाली मान घालून उभा होता, गायीसारखाच. मी त्याच्या बाळीकडे बघितले. जुळवून ठेवलेले वाक्य माझ्या तोंडात होते. ते बोललो असतो तर त्याला ती धमकी वाटली असती.

“बरं,” मी म्हणालो. “माझीच चूक झाली असेल. दुसराच कोणी असेल.”

“होय साहेब.”

“काम करा तुम्ही.”

मी वळलो आणि चालू लागलो. तांदळाच्या वखारीच्या भिंतीपलीकडे वळलो तेव्हा मागून एकदम हशा फुटला. मोठा, पोटातून आलेला, बराच वेळ धरून ठेवलेला. मी थांबलो. मग त्याचा आवाज आला, तोच, मैदानातला, काहीतरी म्हणत असलेला. बहुधा माझ्या पागोट्याविषयी. पुन्हा हशा. पुन्हा तो काहीतरी बोलला, आता दुसरेही त्यात भर घालत होते, एकापेक्षा एक चढते असावे, कारण कोणीतरी हसता हसता खोकू लागले.

वारा खाडीकडून होता आणि शब्द कळत नव्हते. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, पागोटे काढून हातात घेतले आणि कान दिला. एक शब्द लागावा, एवढीच इच्छा होती. तिकडे स्टेशनात ठाण्याच्या गाडीची शिट्टी झाली. ती मी जाऊ दिली.